एनसीएलटीच्या आदेशाने बोलावलेली सभा: साडेसातशे शेअर असणाऱ्याने काय करावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीहून एका भगिनीने लिहिलं आहे. मुंबईत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या एका लिस्टेड कंपनीचे ७५० शेअर त्यांच्या डीमॅट खात्यात आहेत. आणखी ४०० शेअर कागदी स्वरूपात दिवंगत वडिलांच्या नावावर तसेच पडून आहेत. ही कंपनी प्रवर्तकांच्याच (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्या गटाच्याच) दुसऱ्या लिस्टेड कंपनीत विलीन होणार असून दर ८ शेअरमागे तिकडचे ३ शेअर मिळणार आहेत. ठाण्याजवळची कंपनीची मोठी जमीन या हिशोबात धरलीच नाही, असा त्यांचा संशय आहे. एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) आदेशाने होणाऱ्या ऑनलाइन सभेची जाडजूड नोटीस ईमेलवर आली आहे आणि सभा तीन आठवड्यांवर आहे. "प्रवर्तकांकडे ५८ टक्के शेअर. मग माझ्या मताला काय अर्थ? मी हरकत घेऊ शकते का? आणि कोर्टानेच सभा बोलावली म्हणजे भाव बरोबर आहे हे कोर्टाने तपासलं असेलच ना?"

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेक भागधारकांची फसगत तिथेच होते. भाव कोणीही तपासलेला नाही, निदान न्यायाधिकरणाने तरी अजून नाही. नोटिशीच्या पहिल्या पानावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं नाव ठळक असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, न्यायमूर्तींनी सगळं बघून पाठवलं आहे. प्रत्यक्षात आतापर्यंत एवढंच झालं आहे: कंपनीने कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली अर्ज करून सभा घेण्याची परवानगी मागितली, आणि खंडपीठाने सभेची तारीख, कोरम (किमान हजेरी), अध्यक्ष, मतपरीक्षक आणि नोटीस कशी पाठवायची ते ठरवून दिलं. वकील याला फर्स्ट मोशन म्हणतात. विलीनीकरणाची योजना मंजूर करायची की नाही हा प्रश्न सेकंड मोशनला येतो, म्हणजे सभेत ठराव झाल्यावर कंपनी मंजुरीची याचिका घेऊन परत जाते तेव्हा.

पूर्वी, १९५६ च्या कायद्यात, हे काम उच्च न्यायालयाकडे होतं. १५ डिसेंबर २०१६ पासून ते एनसीएलटीकडे आलं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. योजनेतली दुसरी कंपनी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तिचा अर्ज तिकडे वेगळा चालतो आणि तारखा मागेपुढे होतात. त्यात काही काळंबेरं नसतं.

सेकंड मोशनला तरी न्यायाधिकरण भाव तपासतं का? तपासतं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. या विषयातला पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे: मिहीर मफतलाल विरुद्ध मफतलाल इंडस्ट्रीज, १९९६. न्यायालयाने काय बघायचं ते त्यात ठरलं. कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पाळली का, लागतं ते बहुमत मिळालं का, मतदारांपुढे निर्णयासाठी लागणारी सगळी माहिती होती का, बहुमताने प्रामाणिकपणे मत दिलं की अल्पमताला दडपलं, योजना कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरोधात तर नाही ना. एवढं बघून झालं की भागधारकांच्या व्यावसायिक शहाणपणावर न्यायालय अपील ऐकायला बसत नाही. त्याआधी १९९४ मध्ये टाटा ऑइल मिल्स (टॉमको) हिंदुस्तान लीव्हरमध्ये विलीन होताना टॉमकोच्या १५ शेअरना लीव्हरचे २ असं प्रमाण होतं. तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि टिकलं. तज्ज्ञांनी मान्य पद्धतीने काढलेलं आणि प्रचंड बहुमताने स्वीकारलेलं प्रमाण, "दुसऱ्या पद्धतीने जास्त आलं असतं" एवढ्या कारणावर हलत नाही.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं: 'भाव कमी आहे' या तक्रारीला न्यायाधिकरणात वजन फार थोडं. 'भाव ठरवताना जे विचारात घ्यायला हवं होतं ते आम्हाला सांगितलंच नाही' या तक्रारीला वजन आहे. आणि ती करायची वेळ सभेच्या आधीची आहे. सभा संपली की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. ते का, ते पुढे येईलच.

तुमच्या मताचा हिशोब

ठराव मंजूर व्हायला एक नाही, तीन मोजण्या पार कराव्या लागतात.

पहिली मूल्याची: पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं बाजूने हवीत. 'पडलेल्या' हे नीट लक्षात घ्या. एकूण भांडवलाचे ७५ टक्के नव्हेत. समजा कंपनीचे १० कोटी शेअर आहेत. प्रवर्तकांचे ५.८ कोटी, ते सगळे मत देणारच. उरलेल्या ४.२ कोटींपैकी फक्त १.५ कोटी शेअरवाल्यांनी मत दिलं तर एकूण ७.३ कोटी मतं झाली. त्यांचे तीन चतुर्थांश सुमारे ५.४८ कोटी. म्हणजे बाहेरच्या एकाही माणसाने हो न म्हणता प्रवर्तकांनी एकट्याने ही पायरी ओलांडली. घरी बसलेल्या भागधारकाचं मत विरोधात जात नाही, कुठेच जात नाही, आणि प्रवर्तकांचा वाटा तेवढा मोठा दिसतो.

दुसरी डोक्यांची: मत देणाऱ्या व्यक्तींपैकी निम्म्याहून जास्त जण बाजूने हवेत. इथे तुमचं ७५० शेअरचं डोकं आणि म्युच्युअल फंडाचं डोकं सारखंच. बऱ्याच जणांना ही मोजणी माहीतच नसते. ती किती नाजूक आहे हे हाँगकाँगमध्ये २००९ साली दिसलं. पीसीसीडब्ल्यू कंपनीच्या योजनेत डोकी वाढवण्यासाठी छोट्या छोट्या लॉटमध्ये शेअर वाटले गेले होते, आणि तिथल्या अपील न्यायालयाने ती योजना रोखली.

तिसरी मोजणी तुमच्या कामाची. लिस्टेड कंपनीचं प्रवर्तक गटातल्या कंपनीशी विलीनीकरण असेल तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाच्या नियमाने सार्वजनिक भागधारकांची मतं वेगळी मोजतात, आणि बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त असावी लागतात. प्रवर्तक इथे बाजूला. वरच्या उदाहरणात सार्वजनिक १.५ कोटी मतांपैकी ७५ लाख विरोधात गेली तर योजना तिथेच थांबते, कारण समसमान चालत नाही. ५८ टक्के इथे काही उपयोगाचे नाहीत. तुमच्या नोटिशीत हा परिच्छेद आहे का ते आधी शोधा. नसेल, तर का नाही हा तुमचा पहिला लेखी प्रश्न.

कोणी सुचवेल की प्रवर्तकांचा वेगळा 'वर्ग' करून त्यांची सभाच वेगळी घ्यायला लावा. त्या वाटेला जाऊ नका. वर्ग ठरतो तो शेअरच्या हक्कांवरून आणि योजनेत काय देऊ केलं आहे त्यावरून. सगळ्या इक्विटीवाल्यांना ८ ला ३ च मिळत असेल तर मफतलाल निकालापुढे तो मुद्दा उभा राहत नाही. प्रेफरन्स शेअरवाले किंवा धनको (कंपनीचे देणेकरी नव्हे, कंपनीकडून येणं असलेले) यांची सभा वेगळी होते, त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

नोटीस कुठून वाचायची

पहिल्या पानापासून नको. योजनेचा मसुदा वकिली भाषेत असतो आणि तो वाचता वाचता माणूस दमतो. सुरुवात करा शेअर बाजारांच्या निरीक्षण पत्रांपासून. लिस्टेड कंपनीला एनसीएलटीत जाण्याआधी योजना बीएसई आणि एनएसईमार्फत सेबीपुढे ठेवावी लागते, आणि जे पत्र येतं त्यात 'अमुक गोष्ट भागधारकांना उघड सांगा' अशा सूचना असतात. ही पत्रं नोटिशीला जोडलेली असतात. सूचनेशेजारी पेन्सिलने खूण करा आणि ती माहिती स्पष्टीकरणात्मक निवेदनात सापडते का बघा. सापडली नाही, तर तुमच्याकडे 'भाव कमी वाटतो' यापेक्षा कितीतरी भक्कम मुद्दा आला.

मग मूल्यांकन अहवाल, त्याच्यावरचं मर्चंट बँकरचं फेअरनेस ओपिनियन (प्रमाण रास्त आहे का यावरचं मत), संचालकांचा कलम २३२ खालचा अहवाल, आणि योजनेआधीचं व नंतरचं भागभांडवल दाखवणारा तक्ता. कंपनीचे शेवटचे वार्षिक हिशेब ज्या आर्थिक वर्षाचे आहेत ते सभेच्या सहा महिन्यांहून आधी संपलं असेल, तर पूरक हिशेबपत्रक जोडलेलं असायला हवं. ते आहे का पाहा. ईमेलमधली प्रत अपुरी वाटली तर कंपनीकडे लेखी मागा. विलीनीकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यावर एका दिवसात योजना आणि निवेदनाची प्रत विनामूल्य द्यावी लागते.

ईमेल कधी पाठवली ती तारीखही टिपून ठेवा. वैयक्तिक नोटीस सभेच्या किमान एक महिना आधी निघावी लागते, आणि एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात किमान ३० दिवस आधी जाहिरात यावी लागते. हे सगळं पाळल्याचं प्रतिज्ञापत्र अध्यक्षाला सभेच्या सात दिवस आधी न्यायाधिकरणात द्यावं लागतं. नोटीस उशिरा निघाली असेल तर त्या सात दिवसांच्या आधी अध्यक्षांना कळवा. सभेनंतर कळवलं तर 'मत तर दिलंत ना' असं उत्तर येतं.

जमिनीचा मुद्दा कसा मांडायचा

हा तुमच्या पत्राचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

विलीनीकरणातलं मूल्यांकन सापेक्ष असतं. तुमच्या कंपनीची खरी किंमत किती हे काढायचं नसतं, दोन्ही कंपन्यांची किंमत एकाच मापाने मोजून त्यांचं एकमेकींशी प्रमाण काढायचं असतं. तुमची जमीन जुन्या भावाने धरली आणि पलीकडच्या कंपनीचीही तशीच धरली, तर प्रमाण फारसं बदलत नाही. मग तुमची तक्रार तिथेच संपते. म्हणून आधी पलीकडच्या ताळेबंदात जमीन किती आणि कशी आहे ते बघा.

दुसरं, ती जमीन वापरात आहे की पडून? कारखाना जिच्यावर उभा आहे ती जमीन मूल्यांकनकार सहसा वेगळी मोजत नाहीत, कारण तिचं मोल कारखान्याच्या भविष्यातल्या कमाईत आलेलं असतं. दोन्ही मोजलं तर एकच गोष्ट दोनदा धरली जाईल. पण जमीन धंद्याला लागत नसेल, नुसती पडून असेल, तर ती अतिरिक्त मालमत्ता म्हणून कमाईवरून काढलेल्या किमतीत वेगळी मिळवायला हवी. तुमचा प्रश्न या फरकावर बसला पाहिजे.

किती फरक पडतो? एक काल्पनिक आकडेमोड बघा. मूल्यांकनकाराने तुमचा शेअर २४० रुपये आणि त्यांचा ६४० रुपये धरला, तर प्रमाण ०.३७५, म्हणजे ८ ला ३. पडीक जमिनीचे शेअरमागे ४० रुपये मिळवले तर २८० ला ६४०, म्हणजे ०.४३७५, अर्थात ८ ला साडेतीन. तुमच्या ७५० शेअरना २८१ च्या जागी ३२८ शेअर. हलकी गोष्ट नाही, पण शेअरमागे ४० रुपये होतात की ४, हे जमिनीचं क्षेत्र, आरक्षण आणि एकूण शेअरची संख्या बघितल्याशिवाय सांगता येत नाही. अतिक्रमण किंवा खटला असलेली जमीन भागधारकाच्या मनात मोठी आणि कागदावर छोटी असते.

मूल्यांकन अहवालात आणखी दोन जागा तपासा. बाजारभाव, भविष्यातील रोख प्रवाह आणि समकक्ष कंपन्यांचे गुणोत्तर या पद्धतींना दिलेलं वजन दोन्ही कंपन्यांना सारखं आहे का? एका कंपनीला बाजारभावाचं वजन जास्त आणि दुसरीला रोख प्रवाहाचं जास्त असेल तर कारण लिहिलेलं हवं. आणि भविष्यातल्या कमाईचे अंदाज कोणाचे? ते जवळजवळ नेहमी व्यवस्थापनाचे असतात आणि 'आम्ही ते स्वतंत्रपणे तपासलेले नाहीत' असं मूल्यांकनकार मागच्या पानांवर लिहून मोकळा होतो. त्यात बेकायदा काही नाही, पण दोन्हीकडचे अंदाज एकाच प्रवर्तकाने पुरवले असतील तर प्रश्न विचारायला जागा आहे.

सभेत

सभा ऑनलाइन आहे म्हणजे निव्वळ बटण दाबायचं, असं नाही. २०१४ साली गोदरेज इंडस्ट्रीजच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असं म्हटलं होतं की ई-मतदान आणि टपाली मतदान ही सोय आहे, ती सभेची जागा घेऊ शकत नाही, कारण प्रश्न विचारण्याचा आणि इतरांचं ऐकून मत बनवण्याचा हक्क सभेतच असतो. आजच्या व्हिडिओ सभेत हा हक्क टिकवायचा तर 'स्पीकर' म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. त्याची मुदत नोटिशीच्या टिपांमध्ये दडलेली असते आणि ती बहुधा सभेच्या काही दिवस आधी संपते. ती आजच शोधा.

वक्त्याला मोजकी मिनिटं मिळतात. अभिनंदनात आणि प्रस्तावनेत ती घालवू नका. चार प्रश्न पुरेत: ठाण्याजवळची जमीन वापरात आहे की अतिरिक्त, क्षेत्र किती, मूल्यांकनात ती कोणत्या पानावर कशी धरली, दुसऱ्या कंपनीच्या जमिनीला तोच निकष लावला का. हेच प्रश्न सभेच्या आठवडाभर आधी अध्यक्ष, मतपरीक्षक आणि कंपनी सचिव या तिघांना एकाच ईमेलने पाठवा आणि अध्यक्षांच्या अहवालाला जोडण्याची विनंती करा. कारण असं: अध्यक्ष नमुना सीएए-४ मध्ये जो अहवाल न्यायाधिकरणाला देतो तो मुख्यतः आकड्यांचा असतो. किती हजर, किती मतं बाजूने, किती विरोधात. तुम्ही काय विचारलंत आणि उत्तर काय मिळालं, हे त्यात आपोआप जात नाही. न्यायाधिकरणाने मुदत दिली नसेल तर हा अहवाल सभेनंतर तीन दिवसांत जातो, त्यामुळे नंतर ईमेल करून काही साधत नाही.

मतदान मात्र सभेआधी दूरस्थ पद्धतीने उरकू नये, असं आम्ही सुचवू. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही आणि सभेत पुन्हा देता येत नाही. उत्तरं ऐकून मत द्यायचं असेल तर सभा सुरू असताना उघडणाऱ्या खिडकीतून द्या. पण सांगलीत त्या वेळी इंटरनेट दगा देईल अशी धास्ती असेल तर आदल्या दिवशी मत देऊन सभेत फक्त प्रश्न विचारा. मत दिलेल्यालाही हजर राहता येतं. दूरस्थ मतदान साधारणपणे आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. लॉगिन एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट सांभाळणाऱ्या संस्थांच्या खात्यातून होतं. पासवर्ड शेवटच्या तासाला रीसेट करायला घेऊ नका. 'तटस्थ' हा पर्याय निवडलात तर तुमचं मत कुठल्याच बाजूला धरलं जात नाही.

व्हिडिओ सभेत प्रॉक्सी (तुमच्या वतीने मत देणारा) सहसा नसतो. पुढेमागे कधी प्रत्यक्ष सभा असली तर प्रॉक्सीचा अर्ज ४८ तास आधी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोहोचावा लागतो.

सभेच्या आधीच्या दिवसांत तुम्हाला फोन येऊ शकतात. गोड बोलून मत कसं द्यायचं ते सांगतील, कधी मत दिल्याचा स्क्रीनशॉटही मागतील. आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या योजनेच्या वेळी (तिचा तपशील पुढे येतो) भागधारकांशी केलेल्या अशा संपर्कावरून सेबीने आयसीआयसीआय बँकेला प्रशासकीय इशारा दिला होता. कोणालाही ओटीपी देऊ नका, आणि फोनची वेळ व नंबर लिहून ठेवा.

वडिलांचे ४०० शेअर

या शेअरवर या सभेत तुम्हाला मत देता येईल अशी आशा धरू नका. मताचा हक्क कट-ऑफ तारखेला (मतदार ठरवण्यासाठी नोटिशीत दिलेल्या तारखेला) सभासद नोंदवहीत ज्याचं नाव आहे त्याचा, वारसाचा नाही. तीन आठवड्यांत वारस नोंद पूर्ण होणं अवघड. वडिलांबरोबर आईचं किंवा तुमचं नाव संयुक्त धारक म्हणून असेल तर काम बरंच सोपं होतं, मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करण्यापुरतं. एकट्याचं नाव असेल तर नॉमिनी होता का ते कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारकडे विचारा. एक अडचण आणखी असू शकते. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नसेल तर ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असतील. ते परत मिळवता येतात, पण तोवर त्यांचा मताधिकार गोठलेला असतो.

तरीही काम लगेच सुरू करा, मतासाठी नव्हे तर पुढच्यासाठी. नवे शेअर डीमॅटमध्येच मिळतात. कागदी शेअरवाल्यांचे नवे शेअर वेगळ्या एस्क्रो किंवा सस्पेन्स खात्यात ठेवण्याची तरतूद बहुतेक योजनांमध्ये असते आणि ते सोडवायला पुन्हा तीच कागदपत्रं लागतात. जुनी सर्टिफिकेटं फाडू किंवा हरवू देऊ नका.

हरकत: १० टक्क्यांची भिंत

आता सगळ्यात कडू भाग. कलम २३०(४) प्रमाणे योजनेला हरकत घेण्याचा हक्क किमान १० टक्के भागभांडवल असणाऱ्यांनाच आहे. धनकोंसाठी ही मर्यादा एकूण थकीत कर्जाच्या ५ टक्के. जुन्या कायद्यात एक शेअर असलेला माणूसही उच्च न्यायालयात उभा राहू शकत असे, आणि काही जण तो धंदाच करत, हेही खरं. २००५ साली डॉ. जे. जे. इराणी समितीने अशी मर्यादा सुचवली आणि २०१३ च्या कायद्यात ती आली. त्या उपद्रवी मंडळींबरोबर खरी तक्रार असलेला लहान भागधारकही बाहेर राहिला, हे आमचं मत.

ही भिंत किती पक्की आहे त्याचं अलीकडचं उदाहरण मुंबई खंडपीठातलंच. आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या १०० शेअरना बँकेचे ६७ शेअर अशी योजना होती. मार्च २०२४ च्या सभेत ७१.८९ टक्के सार्वजनिक मतं बाजूने पडली. क्वांटम म्युच्युअल फंड आणि एका व्यक्तिगत भागधारकाने हरकत घेतली. दोघांचे शेअर मिळून १ टक्काही नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये योजना मंजूर झाली, हरकती टिकल्या नाहीत, आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तोच निकाल कायम ठेवला. म्युच्युअल फंडाची ही गत, तर ७५० शेअरनी वकील लावून मुंबईला जाणं म्हणजे पैसे पाण्यात. अनेकांनी मिळून १० टक्के भरले तर चालतात असं सहसा मानलं जातं, पण वरच्या उदाहरणात त्याचा अर्थ १ कोटी शेअर गोळा करणं.

पण दुसरी वाट आहे आणि तिला १० टक्क्यांची अट नाही. कंपनीला हीच नोटीस केंद्र सरकारचे रीजनल डायरेक्टर, रजिस्ट्रार ऑफ कंपनीज, प्राप्तिकर खातं, सेबी आणि शेअर बाजार यांनाही पाठवावी लागते. त्यांना म्हणणं मांडायला ३० दिवस असतात. रीजनल डायरेक्टरच्या अहवालात प्रलंबित तक्रारींचा उल्लेख येतो आणि कंपनीला त्यावर शपथेवर उत्तर द्यावं लागतं. मुंबईचा रीजनल डायरेक्टर आणि रजिस्ट्रार या दोघांना दोन पानांची तक्रार पाठवा. फक्त तीन गोष्टी लिहा: निरीक्षण पत्रातली कोणती सूचना पाळली नाही, जमिनीबद्दलची कोणती माहिती निवेदनात नाही, आणि तुम्ही कधी विचारलं व काय उत्तर आलं. सोबत नोटिशीची संबंधित पानं जोडा, सगळा गठ्ठा नको. हीच तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या वेबसाइटवर टाका. शेअर बाजाराच्या पातळीवर तक्रारीसाठी २१ दिवसांची एक खिडकी होती, ती मसुदा दाखल झाला तेव्हाच सुरू होऊन संपली. पुढच्या वेळी कंपनीच्या संचालक मंडळाने योजना मंजूर केल्याची बातमी वाचलीत की तेव्हापासूनच बाजाराच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा.

भाषा मवाळ ठेवा. 'लूट', 'संगनमत' असे शब्द आले की वाचणारा अधिकारी तक्रार बाजूला ठेवतो.

योजना मंजूर झालीच तर

सेकंड मोशनच्या सुनावणीची जाहिरात त्याच वृत्तपत्रांत किमान १० दिवस आधी येते. आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणात जायला आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ४५ पर्यंत. हा मार्ग तुमच्या आकाराच्या गुंतवणुकीला परवडणारा नाही.

आणि प्रमाण पटलंच नाही, तर बाहेर पडायची खिडकी कोणी वेगळी उघडून देत नाही. लिस्टेड कंपनी अनलिस्टेडमध्ये विलीन होत असेल तर कलम २३२ खाली बाहेर पडण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. तुमच्या बाबतीत दोन्ही लिस्टेड, त्यामुळे रेकॉर्ड डेटच्या (नवे शेअर कोणाला मिळणार ते ठरवणाऱ्या तारखेच्या) आधी बाजारात विकणं हाच पर्याय. विकण्याआधी एक बघा: बाजारात तुमच्या ८ शेअरची किंमत आणि त्यांच्या ३ शेअरची किंमत यात किती अंतर आहे. योजना मंजूर होणार असं बाजार धरून चालला असेल तर हे अंतर मिटत आलेलं असतं, आणि मग इथे विकलं काय किंवा तिकडचे शेअर घेऊन विकले काय, फरक थोडा.

शेअर ठेवलेत तर ७५० ला २८१.२५ येतात. २८१ शेअर खात्यात जमा होतील आणि पाव शेअरचे पैसे मिळतील, कारण सगळ्यांचे अपूर्णांक एकत्र करून विश्वस्तामार्फत विकले जातात. वडिलांच्या ४०० चे बरोबर १५० होतात, तिथे अपूर्णांक नाही. दोन्ही धारणा एकत्र धरून हिशोब होत नाही, नावं वेगळी आहेत. कायद्याच्या अटींत बसणाऱ्या विलीनीकरणात शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले की त्या दिवशी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जुनी खरेदी किंमत आणि जुनी खरेदी तारीख नव्या शेअरना चिकटते. पाव शेअरच्या पैशांवर मात्र हिशोब त्याच वर्षी द्यावा लागतो. वडिलांनी ते शेअर कधी आणि कितीला घेतले याची चिठ्ठी किंवा ब्रोकरचं बिल घरात असेल तर आताच शोधून ठेवा, कारण विलीन झालेल्या कंपनीकडून तो तपशील नंतर मिळवणं फार जिकिरीचं होतं.